दगा कुणी दिला?



या वेळचं संपादकीय एका ऑपेराबद्दल आहे. तोही चेक भाषेतला, सव्वाशे वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्या देशाबाहेर क्वचितच रंगमंचावर येणारा. ‘आता हे काय नवीन?’ असं काही जणींच्या मनात येईल, आणि ते साहजिकही आहे. पोटगीचे खटले, रेशनचे मोर्चे, कोर्टाच्या तारखा यांनाच आपल्या अंकात जागा पुरत नाही. तरी हा विषय घेतला, कारण या ऑपेराच्या पोटात जो प्रश्न आहे तो आपल्या बैठकांमध्ये महिन्या-दोन महिन्यांनी निघतोच : लढणाऱ्या बायकांमधली एक जण ‘तिकडे’ गेली, तर तिला काय म्हणायचं? त्याच्या पाठीमागे आणखी एक प्रश्न लपलेला आहे, तो मात्र आपण फारसा विचारत नाही : ती तिकडे गेली म्हणून बायका हरल्या, ही गोष्ट मुळात सांगितली कुणी?

ऑपेराचं नाव ‘शार्का’. संगीत झ्देन्येक फिबिख यांचं. पहिला प्रयोग २८ डिसेंबर १८९७ ला प्रागच्या राष्ट्रीय रंगमंदिरात झाला. शब्द लिहिले ते एका बाईने, आनेश्का शुल्त्सोवा हिने. तेव्हा ती २९ वर्षांची होती. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा लांबचा भाऊ म्हणा. फरक असा की इथे पदांच्या मधे गद्य संवाद नाहीत. भांडण असो की सल्लामसलत, सगळं गाऊनच होतं. आणि तिथे बायकांच्या भूमिका बायकाच करत होत्या. आपल्याकडे त्याच सुमारास, १८९९ मध्ये, देवलांची शारदासुद्धा पुरुष नटच उभी करत होता. मी ‘शार्का’ ऐकली ती १९७८ च्या चेक रेकॉर्डिंगवर, इंग्रजी भाषांतराची पुस्तिका मांडीवर ठेवून. आधी मूळ दंतकथा सांगते. ती समजल्याशिवाय शुल्त्सोवाबाईंनी काय केलं, हे कळणार नाही.

ही कथा पहिल्यांदा सविस्तर लिहिली कोस्मास नावाच्या धर्माधिकाऱ्याने, बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, लॅटिन बखरीत. त्याच्या म्हणण्याप्रमाणे चेक लोकांमध्ये फार पूर्वी क्रोक नावाचा एक शहाणा न्यायाधीश होऊन गेला. त्याला मुलगा नव्हता, तीन मुली होत्या. थोरली काझी, झाडपाल्याची जाणकार वैदू. मधली तेता, देवधर्माचं पाहणारी. धाकटी लिबुशे, भविष्य सांगणारी आणि न्यायनिवाडा करणारी. औषध, पूजा आणि न्याय : गावगाड्यातल्या तीन मोठ्या सत्ता तीन बहिणींच्या हातात होत्या, आणि लोकांचं त्यात काही अडत नव्हतं.

मग एक दिवस दोन शेजाऱ्यांचं शेताच्या बांधावरून भांडण झालं. (बांधावरून! नऊशे वर्षं आणि हजारो मैल ओलांडून ही गोष्ट आपल्या तलाठ्याच्या दारात येऊन उभी राहते.) भांडण लिबुशेपुढे आलं. कोस्मास मुद्दाम सांगतो की ती मऊ गाद्यांवर कोपर टेकून, बाळंतिणीसारखी आडवी झालेली होती. न्याय देणारी बाई आहे, हे वाचकाला विसरू द्यायचं नाही, असा त्याचा बेत स्पष्ट दिसतो. तिने निकाल दिला. निकाल चुकीचा होता असं कोस्मासही म्हणत नाही. पण ज्याच्या विरुद्ध गेला तो माणूस पिसाळला. त्याने मान झटकली, काठी जमिनीवर आपटली, थुंकला आणि ओरडला, की बाईने राज्य करावं ही आम्हा पुरुषांना लाज आहे, बायकांचे केस लांब पण अक्कल आखूड. आपल्याकडे बायकांची अक्कल चुलीपुरती म्हणतात. जात तीच, माप फक्त वेगळं.

जमलेल्या लोकांनी त्या माणसाला गप्प बसवलं नाही. त्यांनी लिबुशेकडे पुरुष राजा मागितला. तिने त्यांना बजावलं की राजा बसवणं सोपं आहे, उठवणं कठीण. तो तुमची मुलं सैन्यात नेईल, मुली भटारखान्यात नेईल, जनावरं नि शेतं घेईल. त्यांना तरीही राजाच हवा होता. तेव्हा तिने शेतात नांगर धरलेल्या प्शेमिस्लला बोलावणं पाठवलं आणि त्याच्याशी लग्न केलं. त्याच्या वंशाने १३०६ पर्यंत राज्य केलं. एका निकालावरून एका पुरुषाचा अहंकार दुखावला आणि त्यातून एक राजघराणं उभं राहिलं, असं ही बखर सरळ सांगते. कोस्मासला यात काही वावगं वाटत नाही. पण त्याने लिहून ठेवलं, याबद्दल आपण त्याचे आभार मानायला हवेत.

आता पुढचं नीट वाचा, कारण माझा सगळा मुद्दा इथे आहे.

कोस्मास म्हणतो, त्या काळी तिथल्या मुली मुलांसारख्याच वाढत. घोड्यावर बसत, शिकार करत, पुरुषांसारखे कपडे घालत. पुरुष त्यांना निवडत नसत, त्याच निवडत, कुणाला आणि केव्हा ते. त्यांनी एका कड्यावर स्वतःचा किल्ला बांधला, द्येविन. नावातच मुलगी आहे. ते पाहून जवळच तरुण मुलांनी दुसरा बांधला, तोच पुढे विशेह्राद झाला. मुली डावपेचात हुशार, मुलं ताकदीने भारी, म्हणून कधी लढाई तर कधी तह, असं चालायचं. अशाच एका तहाच्या काळात ठरलं की दोन्ही बाजूंनी खाणंपिणं घेऊन एकत्र यायचं आणि तीन दिवस शस्त्रांशिवाय सण करायचा. मुली आल्या. जेवणं झाली, खेळ झाले. पहिल्याच रात्री मुलांनी एकेकीला उचललं. सकाळी रिकामा किल्ला जाळून टाकला. आणि कोस्मास नोंद करतो की तेव्हापासून, लिबुशेच्या मागे, आमच्या बायका पुरुषांच्या सत्तेखाली आहेत.

या सगळ्यात शार्का कुठे आहे? नाहीच. व्लास्ताही नाही. कुणी पुरुषाच्या प्रेमात पडत नाही, कुणी कुणाला फितूर होत नाही. बायका रणांगणात हरत नाहीत. तह झालेला असताना, शस्त्रं खाली ठेवलेली असताना, विश्वासाने जेवायला बसलेल्या मुलींना पळवलं जातं. सगळ्यात जुन्या बखरीत दगा पुरुषांचा आहे. लिहिणाऱ्याला तो गंमतीचा, रांगडा, लग्नाच्या वरातीसारखा वाटतो हे खरं, पण दगा कुणी केला याबद्दल त्याच्या मनात गोंधळ नाही.

दोनशे वर्षांनी, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, दालिमिलच्या नावाने ओळखली जाणारी चेक पद्यबखर येते आणि चित्र पालटतं. आता मुलींची एक पुढारी आहे, व्लास्ता. ती पुरुषांविरुद्ध युद्ध पुकारते. आणि आता शार्का येते. त्स्तिराद नावाच्या वीराला पकडायला तिला झाडाला बांधून ठेवतात. तो येतो, तिची दया येऊन तिला सोडवतो. शेजारी मधाची दारू नि शिंग ठेवलेलं असतं. तो पितो, शिंग फुंकलं जातं, लपलेल्या बायका तुटून पडतात आणि त्याला चाकावर हाल करून मारतात. मग पुरुष सूड घेतात, व्लास्ता लढाईत पडते, द्येविन कोसळतो. म्हणजे दगा आता बायकांनी केला, आणि कत्तल हे त्याचं उत्तर ठरलं. पुढे १४५८ मध्ये एनेआ सिल्व्हिओ पिक्कोलोमिनीने बोहेमियाचा इतिहास लिहिला. हे गृहस्थ त्याच वर्षी पोप झाले. त्यांच्या व्लास्ताने तर कायदाच केला, की मुलगा जन्मला तर त्याचा उजवा डोळा काढायचा आणि अंगठे छाटायचे, म्हणजे मोठेपणी त्याला शस्त्र धरता येणार नाही. बायकांच्या हाती राज्य गेलं तर काय होईल, या भीतीला जेवढे हातपाय फुटायचे तेवढे फुटले.

गोष्टी अशाच बदलतात. कुणी बसून कट करत नाही. प्रत्येक पिढीचा बखरकार थोडं मीठ घालतो, आणि मीठ नेहमी एकाच बाजूने पडतं.

एकोणिसाव्या शतकात चेक लोक ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग सम्राटांच्या राज्यात होते. भाषा, इतिहास, नाटक यांतून राष्ट्र उभं करण्याची धडपड चालली होती. प्रागचं राष्ट्रीय रंगमंदिर लोकवर्गणीतून बांधलं गेलं. ११ जून १८८१ ला ते उघडलं ते स्मेतानाच्या ‘लिबुशे’ या ऑपेराने. दोनच महिन्यांत आग लागून इमारत जळाली. लोकांनी पुन्हा पैसे जमवले, आणि १८ नोव्हेंबर १८८३ ला पुन्हा ‘लिबुशे’नेच दार उघडलं. हा ऑपेरा रोजच्या खेळांसाठी वापरू नये, राष्ट्राच्या मोठ्या दिवशीच करावा, अशी स्मेतानाची इच्छा होती. त्यात लिबुशे अपमान गिळते, प्शेमिस्लला सत्ता देते आणि शेवटी राष्ट्राचं भवितव्य पाहत उभी राहते. राष्ट्रमाता झालेली बाई ती हीच : सत्ता स्वखुशीने सोडणारी आणि मग भविष्याला आशीर्वाद देणारी. तिच्यामागे ‘आमचं काय?’ म्हणून विचारणाऱ्या मुलींना त्या ऑपेरात जागा नाही.

शार्काला जागा मिळाली ती दुसरीकडे. स्मेतानानेच १८७५ मध्ये ‘माझा देश’ या वाद्यसंगीताच्या मालिकेत तिच्यावर एक तुकडा लिहिला. त्यात शब्द नाहीत, आणि शेवट बायकांनी केलेल्या कत्तलीवर होतो. पुढे मिस्लबेक या शिल्पकाराने प्रागच्या एका पुलासाठी त्स्तिराद आणि शार्काचा पुतळा घडवला. तो आज विशेह्रादला आहे, म्हणजे दंतकथेत पुरुषांच्या बाजूचा जो किल्ला, तिथेच.

फिबिखचा ऑपेरा येईपर्यंत हे सगळं तयार होतं. शुल्त्सोवाबाईंनी ते उचललं आणि एक गोष्ट बदलली. त्यांच्या ऑपेराचा आरंभ लिबुशेच्या मृत्यूनंतर होतो. प्शेमिस्लच्या राज्यात बायकांचा मान गेलेला आहे. व्लास्ता आणि तिच्या सोबतिणी तो परत मागतात, मिळत नाही. शार्का त्यांच्यातली सगळ्यात जहाल. तिचा राग त्स्तिरादवर सगळ्यात जास्त. दुसऱ्या अंकात ती स्वतःला झाडाला बांधून घेते, तो येतो, सोडवतो, इथपर्यंत सगळं बखरीतलं. पण मग ती खरोखरच त्याच्या प्रेमात पडते. त्या दोघांचं ते लांबलचक गाणं हा ऑपेराचा सगळ्यात सुंदर भाग आहे, हे मान्य करायलाच हवं. मी ते तीनदा ऐकलं. शिंग वाजतं, बायका येतात, त्स्तिराद कैद होतो. तिसऱ्या अंकात शार्का त्याला वाचवायला प्शेमिस्लकडे जाते आणि त्याच्या माणसांना द्येविनवर आणते. सगळ्या जणी मारल्या जातात. त्स्तिराद वाचतो. पण शार्काला मेलेल्या मैत्रिणी दिसू लागतात, आणि ती कड्यावरून उडी घेते. प्रागच्या पश्चिमेला तिच्याच नावाची एक दरी आहे, आणि त्या दरीत ‘मुलीची उडी’ या नावाचा कडा आजही दाखवतात.

म्हणजे आठशे वर्षांत दगा कुठून कुठे सरकला पाहा. आधी पुरुषांनी तह मोडला. मग बायकांनी सापळा रचला. आणि शेवटी, सापळाही बाजूला राहिला, एका बाईच्या मनाने दगा दिला. आधी जो राजकीय पराभव होता, तो तिच्या काळजातला पराभव झाला. पुरुष आता निर्दोष आहेत. ते तर बोलावल्यावर आले.

आणि हे एका बाईने लिहिलं.

इथे थांबून आमच्या अभ्यासगटात बराच वाद झाला. एक कार्यकर्ती म्हणाली, ‘मग तीच खरी फितूर, शार्का कुठली!’ मला ते पटत नाही. का ते सांगते.

आनेश्का शुल्त्सोवा ही लेखक-पत्रकार वडिलांची मुलगी, स्वतः समीक्षक आणि अनुवादक. फिबिखकडे ती संगीत शिकायला गेली. तो तिच्याहून १८ वर्षांनी मोठा, लग्न झालेला. त्याची बायको बेटी फिबिखोवा ही नामांकित गायिका होती. १८८१ च्या ‘लिबुशे’त रादमिलाची भूमिका तिनेच गायली होती. फिबिखने शेवटी बेटीला सोडलं आणि तो आनेश्काबरोबर राहिला. तिच्यावरच्या प्रेमाची रोजनिशी म्हणून त्याने पियानोसाठी ३७६ छोट्या रचना लिहिल्या. त्यांतल्या काही तिच्या देहाच्या एकेका अवयवावर आहेत. विसाव्या शतकात अभ्यासकांनी त्या उकलून छापल्याही. तिने काय लिहिलं यापेक्षा तिचे खांदे कसे होते याचीच चर्चा जास्त झाली. फिबिख १९०० मध्ये गेला, ती १९०५ मध्ये, ३७ व्या वर्षी. त्याचे शेवटचे तिन्ही ऑपेरे, ‘हेदी’, ‘शार्का’ आणि ‘आर्कोनाचा पाडाव’, तिच्याच शब्दांवर उभे आहेत. त्याच्यावर तिने एक छोटं पुस्तक लिहिलं, तेही जर्मनमध्ये आणि एका पुरुषाच्या टोपणनावाने. ज्या बाईला स्वतःच्या माणसाबद्दल लिहिताना पुरुषाचं नाव पांघरावं लागतं, तिने पुरुषांच्या रंगमंदिरात व्लास्ताला शेवटपर्यंत ताठ उभं ठेवलं, हे मला कमी वाटत नाही. तिच्या व्लास्ताला ऐका. ती वेडी नाही, मुलांचे अंगठे कापणारी राक्षसीण नाही. ती हक्क मागते, आणि ते नाकारल्यावर लढते. पोप झालेल्या इतिहासकारापेक्षा शुल्त्सोवाबाईंनी व्लास्ताला जास्त न्याय दिला.

आणि बेटी? तिच्या बाजूने कुणी ऑपेरा लिहिला नाही. दोन बायका, एक पुरुष, आणि सोडून दिलेल्या बाईचं नाव इतिहासाच्या तळटीपेत. आपल्या केंद्रात येणाऱ्या किती तरी जणींची हकिगत हीच असते. आनेश्काची बाजू घेताना मला बेटीचा विसर पडू द्यायचा नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. १८९७ हे साल. त्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात, म्हणून प्रागमध्येही, विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान शाखेचं दार मुलींना रीतसर विद्यार्थिनी म्हणून पहिल्यांदा उघडलं. त्याआधी सात वर्षं, १८९० मध्ये, एलिश्का क्रास्नोहोर्स्काबाईंनी प्रागमध्ये ‘मिनर्व्हा’ ही मुलींची शाळा काढली होती. विद्यापीठाच्या उंबऱ्यापर्यंत नेणारी मुलींची शाळा त्या साम्राज्यात तोवर नव्हती. या क्रास्नोहोर्स्काबाईही ऑपेरे लिहीत. स्मेतानाच्या ‘चुंबन’ आणि ‘गुपित’ या ऑपेरांचे शब्द त्यांचे. तेव्हा रंगमंदिरात द्येविन कोसळत होता आणि बाहेर पोरी दप्तरं घेऊन वर्गात शिरत होत्या. बायकांना प्रत्यक्षात काही मिळू लागलं की त्यांच्या पराभवाच्या गोष्टी जास्त सुंदर सुरात गायल्या जातात, असं मला वाटतं. मतदानाचा हक्क त्यांना पहिलं महायुद्ध संपल्यावर, नव्या चेकोस्लोव्हाकियात मिळाला. १९२० च्या घटनेने तो पक्का केला.

आपल्याकडेही स्त्रीराज्याच्या गोष्टी आहेत. अश्वमेधाचा घोडा प्रमिलेच्या राज्यात शिरतो, ती अर्जुनाला अडवते, आणि शेवट त्याच्याशी लग्नात होतो. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात रमतो, तर गोरक्षनाथाने येऊन त्याला ‘सोडवायचं’. बायकांचं राज्य म्हणजे एक तर लग्नाआधीची धिटाई किंवा पुरुषाची अडकलेली साधना. ते राज्य चालायचं कसं, तिथे धान्य कोण पिकवायचं, न्याय कोण करायचं, हे कुणी सांगत नाही. कोस्मास निदान सांगतो की काझी औषध द्यायची आणि लिबुशे बांधाची भांडणं सोडवायची.

आता पहिल्या प्रश्नाकडे येते. तिकडे गेलेल्या बाईला काय म्हणायचं?

माझी दहा वर्षं समुपदेशनात गेली. अंगावर वळ घेऊन आलेली बाई, जिच्यासाठी आपण पोलीस ठाण्यात चार तास बसलो, जिच्या तक्रारीला ४९८-अ (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) लावून घ्यायला आपण भांडलो, ती दोन महिन्यांनी येते आणि म्हणते, ‘ताई, मी केस मागे घेते.’ कधी मुलांसाठी, कधी माहेरचं दार बंद म्हणून. आणि कधी, हे आपण मोठ्याने बोलत नाही, तिचं त्याच्यावर अजून प्रेम असतं म्हणून. तेव्हा आपल्यापैकी कुणी तरी म्हणतंच, ‘हिच्यामुळे पुढच्या दहा जणींची केस कमकुवत होते.’ हे म्हणणं खोटं नाही. तिकडे पुरुषांच्या कट्ट्यावर ते नीट पोचतं, आणि ‘बायका अशाच, आधी केस करतात मग गळ्यात पडतात’ म्हणून परत येतं.

ऑपेरातल्या व्लास्तासमोर नेमका हाच पेच आहे. तिचं बळ एका अटीवर उभं आहे, की आमच्यातल्या कुणीही त्यांच्यातल्या कुणावर प्रेम करायचं नाही. कोस्मासच्या द्येविनमध्ये ही अट नव्हती. तिथे मुली हवा तेव्हा हवा तो पुरुष निवडत आणि परत आपल्या किल्ल्यावर येत. प्रेम आणि किल्ला यांत निवड करायला लावणं ही नंतरच्या कथाकारांची करणी. पण ती आपल्या संघटनांमध्येही शिरली आहे. लग्न केलेल्या कार्यकर्तीने बैठक चुकवली की आपण एकमेकींकडे पाहतो. नवऱ्याबरोबर जमवून घेतलेली बाई पुढच्या शिबिराला यायला लाजते, आणि आपण तिला बोलवायचं ‘राहून जातं’. मला वाटतं, तिला पुन्हा बोलवणं हे आपल्या कामाच्या यादीत तक्रार नोंदवण्याइतकंच वरचं हवं. तिला पुन्हा मार बसला तर ती कुणाकडे येईल? ज्या बायकांनी तिला शार्का ठरवलं, त्यांच्याकडे तर नक्कीच नाही.

याला दुसरी बाजू आहे, ती लपवणार नाही. शार्का फक्त प्रेम करत नाही, ती सशस्त्र माणसं घेऊन येते, आणि सगळ्या जणी मरतात. केस मागे घेणं आणि निवारागृहाचा पत्ता नवऱ्याला देणं यांत फरक आहे. दुसरी गोष्टही घडते, आपल्याला ठाऊक आहे. तिथे संघटनेने कठोर व्हायलाच हवं, कारण आत इतर जणी राहत असतात. पण कठोर होताना ‘बाईच बाईची वैरी’ हे वाक्य आपल्या तोंडी येऊ देऊ नये. ते वाक्य शुल्त्सोवाबाईंच्याही आधीपासून ज्यांना सोयीचं आहे, ते ते वापरायला समर्थ आहेत.

जाता जाता दुसऱ्या एका ‘शार्का’बद्दल. याच दंतकथेवर लेओश यानाचेकनेही तरुणपणी ऑपेरा लिहिला. शब्द युलियुस झेयेर या कवीचे. झेयेरने तेव्हा परवानगी नाकारल्यामुळे तो पडून राहिला आणि ब्रनो शहरात रंगमंचावर आला तो थेट १९२५ मध्ये. तोही क्वचितच होतो. त्यात त्स्तिराद मारला जातो, आणि शार्का त्याच्या चितेवर स्वतःचा शेवट करते. कवी पुरुष, संगीतकार पुरुष, आणि बंडखोर बाईसाठी त्यांना सुचलेला सर्वांत उदात्त शेवट म्हणजे प्रियकराची चिता. देवराळ्याच्या रूपकुंवरचा सप्टेंबर १९८७ आठवणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही तो उदात्त वाटणार नाही. त्या मानाने शुल्त्सोवाबाईंची शार्का निराळी. ती पुरुषासाठी मरत नाही. पुरुष जिवंत आहे, तिला हवा तो मिळालेला आहे. ती मरते ती मेलेल्या मैत्रिणींच्या हाकेने. एका बाईनेच हा फरक करावा, हे मला योगायोगाचं वाटत नाही.

‘लिबुशे’ चेक लोकांच्या मोठ्या दिवसांना होत राहते. फिबिखची ‘शार्का’ बाहेर फारशी दिसत नाही. १९९६ मध्ये आयर्लंडच्या वेक्सफर्ड महोत्सवात ती झाली, ते मुद्दाम विसरलेले ऑपेरे शोधून करतात म्हणून. ज्यांना मिळेल त्यांनी रेकॉर्डिंग जरूर ऐकावं. केंद्रात कॅसेट-सीडीचा जुना खेळ चालू असेल तर दुसरा अंक सगळ्यांनी मिळून ऐका आणि गोष्ट मराठीत सांगा. आमच्या गटात गोष्ट संपल्यावर भांडी घासायचं काम करणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं, ‘ते पहिलं जेवण झालं ना, तीन दिवसांचं, हत्यारं खाली ठेवून? त्या रात्री उचलून नेलेल्या पोरींचं पुढं काय झालं? त्यांच्यावर नाही का कुणी गाणं केलं?’